बॉम्बची भीती आणि गोंडघरचा फाटा

श्रोतेहो, नमस्कार.

13 जुलै 2011 च्या संध्याकाळी झवेरी बाजारात, ऑपेरा हाऊसला आणि दादरला कबुतरखान्यापाशी स्फोट झाले. त्यानंतर मुंबईत तसा मोठा हल्ला झालेला नाही. आज कॉलेजात जाणाऱ्या मुलांना बॉम्बस्फोट ही ऐकीव गोष्ट आहे. त्यांच्या आयांचं तसं नाही. लोकल उशिरा आली आणि पोराचा फोन लागेना, की त्यांचा जीव अजून टांगणीला लागतो. मुलं म्हणतात, आई, किती घाबरतेस! आता या दोघांत बरोबर कोण?

आकडेच बघायचे तर मुलांचं बरोबर. 1993 च्या मार्चमध्ये 257 माणसं गेली. 2006 मध्ये पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत मिळून दोनशेच्या आसपास गेली, 2008 मध्ये 166. मधले घाटकोपर, मुलुंड, गेटवे धरा, 2011 धरा, तरी मुंबईतली गेल्या तीस-बत्तीस वर्षांची बेरीज हजारावर जात नाही. मुंबईच्या लोकलच्या रुळांवर मात्र एकेका वर्षात दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. कुणी दारातून पडतं, कुणी रूळ ओलांडताना सापडतं. त्यासाठी कुणी मेणबत्त्या लावत नाही.

म्हणून धोका संपला म्हणायचं का? तशी सोय नाही. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 जणांना गोळ्या घातल्या, त्यांतले सहा आपल्या महाराष्ट्रातले होते. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. सुट्टी काढून, घरच्यांना घेऊन फिरायला गेलेली माणसं ती. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत लाल किल्ल्याजवळ गाडीत स्फोट झाला.

तरीही मी म्हणेन, तुम्ही-आम्ही बॉम्बची धास्ती घेऊन काही साधत नाही. काळजी करायचीच तर कशाची करावी, ते सांगायला मी तुम्हाला जरा श्रीवर्धनच्या बाजूला नेतो.

1993 च्या स्फोटांसाठी लागलेला माल रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडीला उतरला. तो काही अंधारात गुपचूप आला नव्हता. जानेवारीत दिघीहून निघालेल्या गाड्या म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या आणि सोडल्या. घासाघीस झाली, रक्कम ठरली, तेवढी रोख जवळ नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण म्हणून पोलिसांच्या हवाली केल्या. हे सगळं खटल्यात शाबीत झालं. पैसे घेणाऱ्या पोलिसांना आणि कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या. चांदीचीच तस्करी असेल असं त्यांना वाटलं असेलही. पण आत काय आहे ते बघायचं नाही, याचेच तर पैसे होते.

पंधरा वर्षांनी, 26/11 ला, पुन्हा समुद्रच. कुबेर नावाचा मासेमारीचा ट्रॉलर पळवून दहा जण आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या कोळी वस्तीपाशी उतरले. त्यांना पहिलं कुणी हटकलं असेल तर ते तिथल्या कोळ्यांनी. कोण तुम्ही, कुठले, असं विचारलं, तर तुमचं काम बघा असं उत्तर मिळालं. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, स्पीडबोटी आल्या, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. आणि मग, जे आपल्याकडे होतंच, बोटी डिझेलवाचून, दुरुस्तीवाचून धक्क्याला लागून असल्याच्या बातम्या छापून येऊ लागल्या.

2022 च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक रिकामी बोट येऊन लागली. आत तीन एके-47 रायफली. शेखाडी जिथे आहे त्याच श्रीवर्धन तालुक्यात. चौकशीत घातपाताचं काही निघालं नाही. मस्कतजवळच्या समुद्रात बोट बिघडली, खलाशांना वाचवलं आणि ती सोडून दिली, ती वाहत आली. लोकांनी हुश्श केलं. मला मात्र त्यात हुश्श करण्यासारखं काही दिसत नाही. हत्यारं भरलेली बोट, वल्हवणारं कुणी नाही, अरबी समुद्र ओलांडून वाळूला टेकते तेव्हा आपल्याला कळतं. उद्या तिच्यात माणसं असली तर?

दुसरी काळजी कोर्टातली. 2006 च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात 2015 साली पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडलं. निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात घातलं नाही. मालेगावचं बघा. 2006 च्या स्फोटात आधी पकडलेल्यांना कोर्टाने 2016 मध्ये दोषमुक्त केलं, 2008 च्या स्फोटातले सातही आरोपी 31 जुलै 2025 ला सुटले. कुणी सुटलं की आपल्यातले काही पेढे वाटतात आणि काही दातओठ खातात, नावं बघून. ज्यांचं माणूस गेलं ते विचारतात, मग केलं कुणी? या प्रश्नाला कुठल्याच पक्षाचा झेंडा नाही, म्हणून तो कुणी फार लावून धरत नाही. करणारा मोकळा असेल तर धोकाही मोकळाच फिरतोय, आणि चुकीचा माणूस आत असेल तर एका घराची राख झाली ती वेगळीच.

तिसरी गोष्ट थोडक्यात. 2025 च्या अनंत चतुर्दशीच्या तोंडावर वाहतूक पोलिसांच्या व्हॉट्सअॅपवर निरोप आला की मुंबईत 34 गाड्यांत 400 किलो आरडीएक्स आहे. पोलिसांनी नोएडातून एकाला धरलं. मित्रावर डूख होता, त्याला अडकवायला हे केलं, असं त्यांनी सांगितलं. तोवर तो निरोप किती घरांच्या ग्रुपवर फिरला असेल, आणि त्याखाली कुणाकुणाच्या वस्तीविषयी काय काय लिहिलं गेलं असेल! ज्याला दहशत पसरवायची आहे त्याचं काम आपण फुकटात करतो.

उपयोगी पडतं ते फार साधं असतं. 26/11 च्या रात्री सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा विष्णू झेंडे नावाचे उद्घोषक वरच्या केबिनमध्ये बसले होते. गाड्यांची घोषणा करायचं काम. त्यांनी तोच माईक धरून लोकलच्या प्रवाशांना सांगायला सुरुवात केली की मेल गाड्यांच्या बाजूला जाऊ नका, मागच्या बाजूने बाहेर पडा. परत परत सांगत राहिले, केबिनवर गोळ्या येईपर्यंत. त्यांना कमांडोचं शिक्षण नव्हतं. आपल्या स्टेशनाला कुठून कुठे रस्ता जातो ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्या वेळी ते जागेवर होते. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात नुसती काठी असताना कसाबच्या बंदुकीला भिडले. त्यांच्या शौर्याबद्दल आपण दरवर्षी बोलतो. हातात काठीच का होती, हे विचारायला बहुतेक विसरतो.

तर श्रोतेहो, कागद-पेन्सिल जवळ असेल तर नंबर लिहून घ्या. रेल्वेत बेवारस बॅग दिसली तर 139. इतर कुठेही 112. किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली तर सागरी पोलिसांचा 1093, आणि तटरक्षक दलाचा 1554. फोन केल्यावर पलीकडून कुणी उडवाउडवीची उत्तरं दिली, तर कोण बोललं, किती वाजता बोललं, तेही त्याच कागदावर लिहून ठेवा आणि वरच्या साहेबांकडे तक्रार द्या. नमस्कार.