लाईट गेली, आठवण गेली

श्रोतेहो, नमस्कार. यावलला एका टायपिंगच्या दुकानात मी आमच्या भावाभावांतलं वाटणीपत्र टाईप करून घेत होतो. तिसरं पान संपत आलं आणि लाईट गेली. मुलानं कपाळावर हात मारला, "गेलं सारं, काका! सेव्ह करायचं राहिलं."

गेलं कुठे? कॉम्प्युटर हातातलं काम रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत ठेवतो. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचलेली ही रचना : एका बिटाला, म्हणजे एक किंवा शून्य या एका आकड्याला, एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा बारीक स्विच, आणि एक इवलासा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग. भार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा कपॅसिटर म्हणजे पाझरता माठ. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा, असे अब्जावधी माठ तपासून पुन्हा भरावे लागतात. लाईट गेली की भरणाराच गेला!

गंमत म्हणजे त्याआधीची मेमरी इतकी विसराळू नव्हती. १९५०च्या दशकात फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्या तारांत ओवून ती विणत. वीज गेली तरी कडीतलं चुंबकत्व टिके. पण काम किचकट, महाग. १९७० साली इंटेलची १०२४ बिटांची ११०३ चिप आली आणि कड्या मागे पडल्या. स्वस्ताईपायी आपण विसराळूपणा पत्करला, असं मला तरी वाटतं.

पेन ड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांची. ती इलेक्ट्रॉन कोंडून ठेवते, त्यामुळे विसरत नाही. पण लिहायला संथ, आणि पुसून पुसून झिजते.

म्हणून रॅमसारखी चपळ आणि तरी न विसरणारी मेमरी शोधली जातेय. इंटेल आणि मायक्रॉननं २०१५ मध्ये थ्रीडी एक्सपॉइंट नावाची अशी मेमरी जाहीर केली. फ्लॅशपेक्षा कितीतरी चपळ. तरी २०२२ मध्ये इंटेलनं तो धंदा आवरता घेतला. माल चांगला, पण भाव जुळेना. केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

एमरॅम नावाची दुसरी मेमरी तर पुन्हा चुंबकाकडेच वळली आहे. दोन चुंबकीय थर, मध्ये अतिपातळ पडदा. दोन्ही थरांची दिशा एक असली तर वीज सहज जाते, उलट असली तर अडते. दिशा वीज गेल्यावरही तशीच राहते. एफरॅम नावाची तिची चुलत बहीण, तीही न विसरणारी, तर काही वीजमीटरांत कधीच बसली आहे. लाईट जाते, पण मीटर आकडा विसरत नाही, तो असा!

त्या दुकानात आता इन्व्हर्टर आलाय. मुलगा तरीही दर दोन ओळींनी सेव्ह करायचं कंट्रोल-एस दाबतो.