आधी व्होल्टेज, मग व्हीए

(दृश्य : बॉबिनवर तांब्याची तार गुंडाळली जात आहे.)

हा अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर. प्रायमरीची, म्हणजे घरच्या विजेला (मेन्सला) जोडायच्या बाजूची तार बारीक, वेढे शेकड्यांनी. सेकंडरीची, म्हणजे अॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या बाजूची तार जाड, वेढे मोजकेच. मध्ये इन्सुलेशनचा कागद. वेढ्यांच्या प्रमाणावर व्होल्टेज ठरतं, आणि न तापता किती करंट पेलायचा हे बरंचसं तारेच्या जाडीवर. घरी अॅम्प्लिफायर बांधणारे सर्किटवर रात्री घालवतात, कपॅसिटर कोणता चांगला यावर वाद घालतात, आणि ट्रान्सफॉर्मर मात्र कपाटात पडलेला असेल तो जोडतात. स्पीकरपर्यंत पोहोचणारा प्रत्येक वॉट याच तांब्यातून येतो. म्हणून निवड इथून सुरू करायची.

(दृश्य : कागदावर पेन्सिलीने मांडलेला हिशेब.)

हिशेब स्पीकरच्या बाजूने उलटा मांडायचा. 8 ओहमच्या स्पीकरला 50 वॉट द्यायचे तर त्याच्या टोकांवर 20 व्होल्ट एसी लागतात. या लहरीचा माथा 28 व्होल्टच्या थोडा वर जातो. अॅम्प्लिफायरची चिप स्वतःसाठी चारेक व्होल्ट राखून ठेवते, कपॅसिटरवरचा रिपल, म्हणजे डीसीतला चढउतार, थोडे खातो. म्हणजे दोन्ही बाजूंना, अधिक आणि उणे, साधारण 33 व्होल्ट डीसी हवेत. 24 व्होल्ट एसीला 1.414 ने गुणा म्हणजे माथा मिळतो, एसीचा डीसी करणाऱ्या डायोडचा एक व्होल्ट वजा करा : 33 येतात. ट्रान्सफॉर्मर ठरला, 24-0-24, म्हणजे मधल्या शून्यापासून दोन्हीकडे 24 व्होल्ट.

(दृश्य : सेकंडरीला लावलेले मीटरचे प्रोब. आकडा 26.4.)

लेबलवर 24, मीटरवर 26.4. मीटर बरोबर आहे आणि लेबलही. लेबलवरचा आकडा पूर्ण लोडचा, म्हणजे पूर्ण करंट खेचला जात असतानाचा असतो. लोड नसताना व्होल्टेज वर जातं, छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दहा टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त. याला रेग्युलेशन म्हणतात, आणि बहुतेक जण नेमके इथेच फसतात.

एलएम3886 ही चिप घेऊ. हौशी मंडळींची ही लाडकी चिप. सिग्नल चालू असताना तिला अधिक ते उणे मिळून 84 व्होल्टची मर्यादा आहे, सिग्नल नसताना 94 ची. आता कुणी जास्त वॉटच्या मोहाने 28-0-28 आणला. लोड नसताना तो 30.8 दाखवणार. त्यात घरचा मेन्स दहा टक्के चढला तर जवळपास 34. डीसी केला की दोन्ही मिळून 94 च्या उंबरठ्यावर! एकही गाणं वाजलेलं नाही आणि चिप कड्यावर उभी आहे. 24-0-24 याच परिस्थितीत 80 वर थांबतो.

बरं, त्या मोहाने कानाला काय मिळतं? 50 चे 68 वॉट झाले, असं धरू. फरक दीड डेसिबलहूनही कमी.

स्पीकर 4 ओहमचा असेल तर व्होल्टेज आणखी उतरवायचं. 20-0-20 पुरेसा होतो. नाहीतर हीटसिंक तापतो आणि चिपचं संरक्षण आवाज कापायला लागतं.

(दृश्य : ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर करंटचे टोकदार सुळके.)

हे सुळके नीट पाहा. ट्रान्सफॉर्मरमधून करंट सतत वाहत नाही. कपॅसिटर फक्त लहरीच्या माथ्याशी भरतो, आणि तेवढ्याच क्षणात सगळा करंट ओढून घेतो. मधल्या वेळात शून्य. अशा झटक्यांनी तार जास्त तापते. त्यामुळे दोन चॅनल पूर्ण आवाजात अखंड एकच सूर वाजवत असतील, डीसी बाजूला दीडशेच्या आसपास वॉट खेचत असतील, तर ट्रान्सफॉर्मर सव्वादोनशे ते अडीचशे व्हीएचा लागेल (व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद). पण संगीत तसं नसतं. तबल्याची थाप क्षणभर उसळते, तंबोरा मागे हळू वाजत राहतो, सरासरी खूप खाली असते. घरच्या ऐकण्याला 160 व्हीए चालतो, 200 घेतला तर निवांत. क्लास ए बांधणाऱ्यांना ही सवलत नाही. तिथे गाणं असो वा नसो, करंट तेवढाच जातो.

पैसे घालायचेच असतील तर ते व्हीएमध्ये घालावेत, व्होल्टेजमध्ये नव्हे. लोडखाली ज्याचं व्होल्टेज कमी वाकतं, त्या ट्रान्सफॉर्मरचा फरक गाण्यात ऐकू येतो.

(दृश्य : ईआय आणि टोरॉइड शेजारी शेजारी. एक हात ट्रान्सफॉर्मर फिरवतो आहे.)

ईआय चौकोनी, E आणि I आकाराच्या पत्र्यांचा. टोरॉइड गोल, बुटका, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र बाहेर कमी पसरतं. ऐका. ईआय इनपुटच्या तारांजवळ आहे, स्पीकरमध्ये गुणगुण आहे. आता तो जागच्या जागी फिरवला. गुणगुण कमी, आणखी कमी. भोकं पाडण्याआधी ही दिशा शोधून घ्यायची. टोरॉइडच्या मधल्या बोल्टची दोन्ही टोकं कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू द्यायची नाहीत. तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो.

सेकंडरी दोन सुट्या असतील तर आधी जोडणी तपासा. एकीचं एक टोक दुसरीच्या एका टोकाला जोडल्यावर बाहेरच्या दोन टोकांत बावन्न-त्रेपन्न व्होल्ट एसी हवेत. शून्य आलं तर एका सेकंडरीची टोकं उलटी करा.

(दृश्य : साधा फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या वाटेत जोडलेला.)

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज लॅम्पमधून. बल्ब क्षणभर लख्ख पेटतो, कपॅसिटर भरतात, बल्ब मंद होतो. पेटलेलाच राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. पत्र्याच्या कॅबिनेटला अर्थिंग हवंच. टोरॉइडला सुरुवातीचा झटका मोठा लागतो, म्हणून प्रायमरीला स्लो-ब्लो, म्हणजे क्षणिक झटका सोसणारा फ्यूज. अॅम्प्लिफायरचा बोर्ड अजून जोडलेला नाही. मीटर आधी डीसीवर ठेवा, दोन्ही बाजू मोजा. छत्तीसच्या आसपास आणि दोन्ही सारख्या असतील, तर वीज बंद करा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि मग बोर्ड जोडा.