बाई, उत्तर 19 आहे

हा जो फळा दिसतोय ना स्क्रीनवर, तो मी आठवून आठवून परत लिहिलाय. यमाताराजभानसलगम्, म्हणजे वृत्तांतले तीन-तीन अक्षरांचे आठ गण लक्षात ठेवायची ओळ. वृत्तं शिकताना सगळ्यांनीच घोकलंय हे, आणि परीक्षा झाल्यावर बहुतेकांनी सोडून दिलंय, मीपण त्यातलाच.

तर झालं असं की मराठीचा तास संपला, फळा तसाच राहिला, गणिताच्या बाई आल्या आणि मी डस्टर घेऊन उठलो तर म्हणाल्या, "थांब रे, पुसू नकोस." खडू घेतला, लघु म्हणजे आखूड उच्चाराच्या अक्षराखाली 0, गुरू म्हणजे लांब उच्चाराच्या अक्षराखाली 1. झालं 0111010001. आता डावीकडून तीन-तीन आकडे घ्या, दरवेळी एक घर पुढे सरकायचं. 011 म्हणजे य गण, 111 म, 110 त... आठही गण निघाले, एकही रिपीट नाही! तीन जागा, प्रत्येक जागी दोनच पर्याय, म्हणजे 2×2×2, नववा गण असूच शकत नाही. कॉम्प्युटर पण याच 0 आणि 1 वर चालतो, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. मला तोवर वाटायचं मराठी आणि गणित यांचं आपसात बोलणंच नाही.

बाईंचं हे असंच चालायचं. एकदा तबल्याच्या शाईवर, म्हणजे मधल्या काळ्या गोलावर, अख्खा तास गेला, का तर नुसत्या ताणलेल्या चामड्यातून ढब्ब आवाज येतो पण मधल्या शाईच्या वजनाने त्यातून सूर निघतो, आणि सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये यावर लिहिलं होतं. पोर्शन मागे पडायचा हेही खरंय, शेवटचे धडे जादा तासांना धावतपळत उरकायचो, राग यायचा तेव्हा. आणि बाईंना सगळं यायचं असंही नाही हां. अडलं की सरळ, "मला नाही माहीत, विचारून ये आणि मलाही सांग."

त्या दिवशी तास संपता संपता त्यांनी विचारलं, गण चार अक्षरांचे असते, तर सगळे 16 बसतील अशी सगळ्यात छोटी ओळ किती अक्षरांची? तेवढ्यात बेल झाली. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं नि विसरलो.

हा व्हिडिओ करताना ती वही सापडली. दोन रात्री बसलो. पहिल्या गणाला चार अक्षरं लागतात, पुढच्या प्रत्येकाला एकच वाढवायचं, म्हणजे 4 अधिक 15. आणि अशी ओळ खरंच जुळते, ही बघा, 0000100110101111000.

बाई, 19. फार उशीर झाला उत्तर द्यायला. थँक्यू.