पोटरीचं काम

टाचा वर. टाचा खाली.

खुर्चीच्या पाठीला धरून या आजी एवढंच करताहेत. त्यांच्या पोटरीकडे बघा. टाच उचलली की स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा दाबल्या जातात आणि त्यांतलं रक्त हृदयाकडे ढकललं जातं. टाच टेकली की शिरा पुन्हा खालून भरतात.

आता डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी तपासणी. पोटरी हाताने दाबली, पडद्यावर रंग उसळला. रक्त वर निघालं. हात सोडला, रंग गेला. शिरेतली झडप मिटली, रक्त मागे फिरलं नाही.

विल्यम हार्वे या इंग्लिश डॉक्टरने हे १६२८ साली छापलं होतं, तेही केवळ बोटांच्या आधारे. तोच प्रयोग या हातावर पाहू. वयामुळे शिरा ठळक आहेत, आमच्या सोयीच्याच. दंडाला फीत बांधली. एका बोटाने शीर दाबून धरली, दुसऱ्याने तिथलं रक्त वरच्या झडपेपलीकडे सारलं. मधली शीर सपाट झाली आणि सपाटच राहिली. आता खालचं बोट उचललं. भरली!

उतारवयात झडपा सैल पडतात, स्नायू झिजतो, रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्या, कडक होतात. तपासणीत हृदयाची चौकशी होते. दिवसातून किती वेळ बसून असता, हे क्वचितच विचारलं जातं. पोटरी हललीच नाही तर रक्त खाली साचतं. संध्याकाळी मोज्याचा हा वळ उमटतो. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल तर दाखवून घ्या. सुजेचं कारण हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तदाबाची एखादी गोळीही असू शकते.

हे आजोबा मात्र वेगळ्या कारणाने थांबलेत. चालताना पोटरी दुखते, थांबलं की दुखायची थांबते. पायाची रोहिणी अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. म्हणून घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहताहेत. गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर रोहिणीत अडथळा आहे. सुजेसाठी घट्ट मोजे घालण्याआधी ही तपासणी हवीच. उपचारांत सिगारेट बंद करणं येतं आणि चालणंही. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.

एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्या. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली तर तातडीने रुग्णालय.

सकाळी उठताना पलंगाच्या कडेला बसून आधी घोटे हलवा, मग उभे राहा. तरीही चक्कर येत असेल, तर रक्तदाब उभ्यानेही मोजून घ्या.