निवड न करणारं ग्रंथालय

(ग्रंथालय सप्ताहातल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ग्रंथालयात पुस्तकं किती, हे लोक पहिल्यांदा विचारतात. मला विचारावंसं वाटतं ते वेगळंच: ती तिथं आली कशी? तुमच्या गावच्या वाचनालयात पुस्तक येतं ते कुणीतरी निवडलं म्हणून. ग्रंथपालाला आवडलं, कार्यकारिणीतल्या कुणी आग्रह धरला, विक्रेत्यानं कमिशन बरं दिलं, शासनमान्य यादीत नाव होतं. एवढ्या चाळण्यांतून उरतो तो संग्रह. मुंबईच्या टाउन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा मोठा भाग या चाळण्यांतून गेलेलाच नाही. कायदा सांगतो पाठवा, म्हणून तो आलेला आहे. त्यामुळे तिथं गाजलेल्या कादंबरीशेजारी निवृत्त मास्तरांनी स्वखर्चानं काढलेला कवितासंग्रह उभा असतो. त्यापुढं व्रतकथेची पोथी, दहावीचं गाईड, पतसंस्थेची स्मरणिका, मसाल्यांच्या पाककृतींची बत्तीस पानी पुस्तिका. आज यातलं बरंचसं कुणाला नको असतं. पन्नास वर्षांनी कुणाला काय हवं होईल, हे मात्र आज ठरवता येत नाही.

हा कायदा म्हणजे 1954 चा डिलिव्हरी ऑफ बुक्स अ‍ॅक्ट. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रकाशकानं स्वखर्चानं चार प्रती चार ठिकाणी पोचवायच्या: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपली मुंबई. 1956 मध्ये यात वर्तमानपत्रंही आली. नुसतं बांधलेलं पुस्तकच नव्हे, तर सुटा छापलेला नकाशा आणि संगीताची सुटी पानंसुद्धा या कायद्यानं पुस्तकात धरली आहेत. यातली एक गंमत सांगतो. कोलकात्याला जाणारी प्रत सर्वांत चांगल्या कागदावरची, नकाशे-चित्रांसह, उत्तम प्रतीसारखी हवी. बाकीच्या तिघांना मात्र विक्रीसाठी ज्या कागदावर सर्वाधिक प्रती छापल्या, तो कागद चालतो. थोडक्यात, मुंबईला सर्वसाधारण गिऱ्हाइकाची प्रत. मला हे बरंच वाटतं. लोकांनी पुस्तक प्रत्यक्षात कसल्या कागदावर वाचलं, ते आपल्याकडं जपलं जातं.

कायदा पाळला नाही तर? 1954 साली दंड लिहिला तो जास्तीत जास्त 50 रुपये, आणि वर पुस्तकाची किंमत. खटला भरायचा तर तक्रार केंद्र सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानंच करायची. इतकी वर्षं ग्रंथालय खात्याच्या आसपास काढली, पण कुणा प्रकाशकाला या कलमाची धास्ती वाटल्याचं मी पाहिलेलं नाही. मोठ्या प्रकाशकांची पार्सलं बऱ्यापैकी नियमित येतात. अडतं ते छोट्यांपाशी. ज्यानं आयुष्यात एकच पुस्तक काढलं त्याला हा कायदा माहीतच नसतो, आणि नेमकं त्याचंच पुस्तक दुसऱ्या कुठल्या ग्रंथालयात सापडण्याची शक्यता कमी.

याच्याही आधीचा कायदा 1867 चा, प्रेस आणि पुस्तक नोंदणीचा. सत्तावनच्या उठावाला दहाच वर्षं झाली होती. देशी भाषांत लोक काय छापतात यावर नजर ठेवणं, हाही त्यामागचा हेतू होता. त्यासाठी सरकारनं प्रत्येक पुस्तकाची जी नोंद ठेवायला लावली, ती पाहण्यासारखी आहे. शीर्षक, भाषा, लेखक आणि विषय. छापखान्याचं नाव व गाव. प्रसिद्धीची तारीख, पृष्ठसंख्या, आकार, कितवी आवृत्ती, छापील की शिळाप्रेस (म्हणजे दगडावरून छापलेलं), किंमत, स्वामित्वहक्क कुणाकडं. आणि सगळ्यांत मोलाचा रकाना: किती प्रती छापल्या. आज कुठला प्रकाशक हा आकडा खरा सांगतो? दर तीन महिन्यांनी ही यादी राजपत्रात छापली जायची. पाळत ठेवणाऱ्यांनी अभ्यासकांसाठी सोन्याची खाण करून ठेवली, असं मी नेहमी म्हणतो. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. तशा कामाला हात घालणाऱ्या कुणालाही या याद्या टाळून पुढं जाता येत नाही.

या याद्यांचा उपयोग कसा होतो ते सांगतो. एक गृहस्थ आले होते. आजोबा कीर्तनकार, त्यांनी आख्यानांचं एक पुस्तक काढलं होतं, घरातली प्रत पुरात गेली. नाव आठवेना, साल आठवेना. आजोबांनी टोपणनाव घेतलेलं, त्यामुळे लेखकाच्या तालिकेत काही मिळेना. छापखाना वाईचा होता, एवढं घरात बोललं जायचं. मग त्रैमासिक याद्यांत वाईचा छापखाना आणि ‘धर्म’ हा विषय धरून एकेक तिमाही पुढं सरकलो. सापडलं. छप्पन पानं, हजार प्रती. त्यांना पुस्तकापेक्षा त्या ‘हजार प्रती’चंच अप्रूप जास्त वाटलं.

संस्थेचा इतिहास थोडक्यात. मुंबई सरकारनं 1939 मध्ये कायदेपंडित असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर मध्यवर्ती ग्रंथालय, खाली विभागीय, जिल्हा, तालुका अशी उतरंड तिनं सुचवली. अंमल यायला स्वातंत्र्याचं साल उजाडलं. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी ही जुनी अभ्याससंस्था आधीपासून होती, तिच्याच छपराखाली मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झालं आणि 1990 च्या दशकात सरकारनं ते वेगळं केलं. दोन्ही संस्था शेजारी असल्यामुळे आजही लोकांचा घोटाळा होतो. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित एशियाटिकचं, आपल्याकडं मागू नका. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला आणि त्याखाली ग्रंथालय संचालनालय. शासकीय जिल्हा ग्रंथालयं आणि अ-ब-क-ड वर्गांतली हजारो अनुदानित वाचनालयं या संचालनालयाच्या कक्षेत येतात. आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. तामिळनाडू, कर्नाटकात तो आहे. अनुदानाचं रडगाणं आज गात नाही, ते तुम्ही दर अधिवेशनात ऐकता.

वर्तमानपत्रांकडं वळतो, कारण तिथं परिस्थिती खरोखर कठीण आहे. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेड आणि हवा लागली की पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं आणि पान ठिसूळ होतं. त्यात मुंबईची दमट हवा. बांधीव खंड उघडला की घडीवरचा तुकडा टेबलावर उरतो, आणि त्या तुकड्यावर नेमकी तारीख असते. अनेक वाचक फोटोसाठी खंड पूर्ण सपाट दाबतात. पुठ्ठ्याचा कणा तिथंच मोडतो. पानाखाली आधार द्या, एका वेळी एकच पान उलटा आणि शाईचं पेन लांब ठेवा. मायक्रोफिल्म (पानांची लहान आकारातली फिल्म) किंवा स्कॅन असेल तर आधी तेच मागा. स्कॅन झालं म्हणजे मूळ अंक रद्दीत घालायला मोकळे, असं समजणारे महाभागही भेटतात. स्कॅनमध्ये समासातला मजकूर कापला गेला तर पडताळणार कशाशी?

आता सेवांबद्दल. घरी पुस्तक न्यायचं असेल तर तुमचं जिल्हा ग्रंथालय गाठा, अनामत भरा, सभासद व्हा. मध्यवर्ती ग्रंथालयाचं खरं काम संदर्भाचं. तिथं जाताना ‘मला जुन्या मुंबईवर काहीतरी द्या’ असं म्हणू नका. काळ सांगा, भाषा सांगा, कशासाठी हवं ते सांगा. ‘1900 च्या आसपासची प्लेगवरची मराठी पत्रकं’ म्हणालात की संदर्भ विभागातला माणूस खुर्चीत सरसावून बसतो. राजपत्रं, गॅझेटिअर, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, विधिमंडळातल्या चर्चा यांकडं वाचक फारसे फिरकत नाहीत. तुमच्या गावाचा पाट कधी निघाला, हे कादंबरीत मिळणार नाही. या कागदपत्रांत मिळू शकेल.

शासकीय ग्रंथालयांच्या वाचनकक्षात आज बसलेली बहुतेक मुलं एमपीएससीची असतात. स्वतःची पुस्तकं, स्वतःची पाण्याची बाटली. ग्रंथालयाकडून त्यांना हवी असते ती खुर्ची, पंखा आणि शांतता. काही सहकारी यावर नाराज असतात. मी नाही. दहा बाय दहाच्या खोलीत चौघं राहणाऱ्या मुलाला शांत जागा देणं ही सेवाच आहे. फक्त अभ्यासिकेसाठी संदर्भाची कपाटं हलवायची वेळ आली की मी भांडतो.

आता ताजी गोष्ट, आणि ही वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. 1867 चा तो कायदा गेला. त्याच्या जागी 2023 चा नियतकालिक नोंदणीचा कायदा आला, 1 मार्च 2024 पासून लागू आहे, आणि त्यात पुस्तकं नाहीत. म्हणजे दीडशे वर्षं ज्या कलमामुळे पुस्तकाची सरकारदरबारी नोंद व्हायची, ते कलमच उरलेलं नाही. छापखान्यांवरची पाळत संपली, याचा आनंद आहे. पण नोंदही संपली, आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवलेलं नाही. पुस्तकांसाठी आता हाताशी आहे तो 1954 चा कायदा. राज्याला आपल्या भाषेची नोंद ठेवायची असेल तर 1967 च्या अधिनियमात सुधारणा करून तशी तरतूद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी एका तरुण प्रकाशकानं विचारलं, ई-पुस्तकांचं काय? 1954 चा कायदा छापील पुस्तकासाठी केलेला आहे. निव्वळ ई-पुस्तक म्हणून जे निघतं ते चार ग्रंथालयांत आपोआप पोचत नाही, आणि विक्रीचं संकेतस्थळ बंद पडलं की कुठंच उरत नाही. मागणीनुसार छापणाऱ्यांनी मात्र पळवाट शोधू नये. पन्नास प्रती छापून विकल्या तरी ते प्रकाशनच. चार पार्सलं करा, टपालखर्च तुमचाच. आणि प्रत्येक ठिकाणाहून लेखी पोच मागून घ्या. ती देणं ग्रंथालयाला कायद्यानं बंधनकारक आहे.