सहा वर्षं राबलेल्या सालगड्याचं घर

(दृश्य: ब्रुकलिनमधला रस्ता. सकाळ. गाड्यांचे आवाज.)

न्यूयॉर्क शहर. ब्रुकलिनमधल्या क्लॅरेंडन रोडवर गॅरेजं आहेत, खाण्याची दुकानं आहेत, हॉर्न तर सतत आहेत. आणि कुंपणाच्या आत, झाडांमागे, एक बसकं लाकडी घर आहे. बस पकडायच्या घाईत असलात तर दिसणारही नाही. हे वायकॉफ घर. त्याचा सर्वांत जुना भाग सुमारे 1652 सालचा. शहरात आज उभ्या असलेल्या वास्तूंमध्ये हीच सगळ्यांत जुनी मानली जाते.

हे कुणा गव्हर्नरचं घर नव्हे. 1637 मध्ये पीटर क्लासन नावाचा एक पोरगेला मुलगा बोटीतून इथल्या डच वसाहतीत उतरला. मूळचा पूर्व फ्रिसियाचा, म्हणजे आजच्या जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याकडचा. हडसन नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या ऑल्बनीजवळ, किलियन व्हान रेन्सेलर याची अफाट जहागीर होती. हा गृहस्थ अ‍ॅमस्टरडॅममध्ये हिऱ्यांचा व्यापार करायचा; आपली ही जमीन त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नाही. पीटर तिथे कामाला लागला. आपल्या भाषेत सालगडी. फक्त साल एक नाही, सहा.

करार संपला. पुढे ग्रीत्ये व्हान नेसशी लग्न झालं आणि दोघं दक्षिणेला, लाँग आयलंडवर, म्हणजे ब्रुकलिन ज्या बेटावर आहे तिथे, आली. 1655 मध्ये पीटर स्टायव्हसंटच्या, म्हणजे खुद्द वसाहतीच्या प्रमुखाच्या, इथल्या शेतीची आणि गुराढोरांची देखरेख या पीटरकडे आली.

इथली जमीन सपाट, मोकळी. खाडीकाठी गुरांना खारवट गवत मुबलक. रान तोडायची फारशी गरजच नव्हती, कारण इथले मूळ रहिवासी, लेनापे लोक, या माळांवर आधीपासून मका पिकवत होते. 1636 मध्ये डचांनी ही जमीन त्यांच्याकडून ‘विकत’ घेतली. विकत घेणं म्हणजे काय, याचा अर्थ दोन्ही बाजूंना एकच लागला असेल, असं मला तरी वाटत नाही.

(दृश्य: घराची भिंत, अगदी जवळून.)

सुरुवातीचं घर म्हणजे एक खोली. चोपलेली भुई, बिनकाचेच्या खिडक्या. पीटर आणि ग्रीत्येला मुलं झाली अकरा. आज जे लांबट घर दिसतं, त्यात सुमारे 1740 आणि 1820 च्या वाढीव भागांचा वाटा मोठा आहे. भिंतींवर लाकडाच्या पातळ फळ्या, माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक. छप्पर खाली येता येता हलकेच बाहेर वळतं, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात.

आणि हे दार. मधोमध आडवं कापलेलं. वरचा भाग उघडला की उजेड आणि वारा आत. खालचा बंद, म्हणजे कोंबड्या बाहेर आणि रांगतं पोर घरात.

‘वायकॉफ’ हे नाव मात्र नंतरचं. क्लासन म्हणजे क्लासचा मुलगा. आपण वडिलांचं नाव मधे लावतो ना, तसंच. फक्त पुढे आडनाव नाही. 1664 मध्ये इंग्रजांनी वसाहत घेतली आणि हळूहळू कायमचं आडनाव लावणं भाग पडलं. पीटरनं वायकॉफ निवडलं.

यापुढची गोष्ट ऐकायला तितकीशी सुखद नाही. करारावर राबायला आलेल्या या माणसाच्या घराण्यात पुढे गुलाम होते. यात वायकॉफ वेगळे नव्हते: 1790 च्या जनगणनेत या किंग्ज काउंटीतली, म्हणजे आजच्या ब्रुकलिनमधली, जवळजवळ एक तृतीयांश माणसं गुलाम होती. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली 1827 साली. म्हणजे हे घर उभं राहिल्यावर पावणेदोनशे वर्षांनी. आजच्या संग्रहालयात ही बाजूही सांगितली जाते. पूर्वजांच्या कौतुकात ती सहज राहून गेली असती.

1901 मध्ये घराण्यानं घर विकलं. शेतं गेली, रस्ते आले. 1937 मध्ये, पीटर उतरला त्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा, जगभर पांगलेल्या वंशजांनी संघटना उभी केली. 1961 मध्ये घर परत विकत घेतलं.

त्याच सुमारास शहरात एक मोठी पाडापाडी झाली. मॅनहॅटनमधलं पेन स्टेशन, ग्रॅनाइटच्या खांबांची ती भव्य वास्तू, 1963 पासून पाडायला घेतलं. लोक हळहळले, चिडले. 1965 मध्ये वारसा-वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला पहिल्या वास्तूंची नोंद झाली. नोंदवहीत क्रमांक एकवर आलं ते हे घर. त्या खांबांच्या वाट्याला जे आलं नाही, ते या खोपटाला मिळालं!

1969 मध्ये वंशजांनी घर शहराला दान दिलं. कागदावर ते वाचलं होतं, पण मोडकळीला आलेलं घर उभं करायला आणखी वेळ लागला. दुरुस्ती होऊन 1982 मध्ये संग्रहालय उघडलं. यातली नेमकी कोणती तुळई पीटरच्या डोक्यावर होती, हा प्रश्न इथे आलेल्या बहुतेकांना पडत असावा. साडेतीनशे वर्षांत घरातलं बरंच काही बदललं गेलंय, आणि ते लपवायचं कारणही नाही.

(दृश्य: घरामागचे वाफे. मातीत हात.)

आज या वस्तीत कॅरिबियन बेटांवरून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. घराच्या आवारात भाजीचे वाफे आहेत. शेत कधीच गेलं. उरलेल्या तुकड्यात पुन्हा पेरणी होते.