मावळतीचा चंद्र आणि आयर्विनचा फोटो

(सांगलीतील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय 'हौशी छायाचित्रे : काढावीत कशी आणि वाटावीत कशी' असा छापला आहे. त्यातल्या पहिल्या भागाबद्दल मी फारसे बोलणार नाही, कारण आपल्याला फोटो काढता येत नाही असे मुकाट्याने ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. मला बोलायचे आहे ते वाटण्याबद्दल. आपल्या गावच्या पुलाचा, घाटाचा किंवा गच्चीवरून दिसणाऱ्या वस्तीचा फोटो दुसऱ्याच्या हवाली करताना तो कोणत्या तारखेला, कोठे उभे राहून आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढला हे सोबत दिले नाही, तर आपण समोरच्याला रंग दिले, गाव दिले नाही, असे माझे म्हणणे आहे. हेच मी पूर्वी एका ठिकाणी सांगितले होते, तेव्हा श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला सूर्यास्ताचे ढीगभर फोटो पाठवले. एकावरही तारीख नव्हती.

सांगलीत हा विषय काढायचा म्हणजे कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलापासूनच सुरुवात करावी लागते. संस्थानच्या काळात, १९२९ साली झालेल्या या पुलाला तेव्हाच्या व्हाइसरॉयचे नाव मिळाले. पुढे व्हाइसरॉय गेले, संस्थान गेले, पण नाव आपल्या तोंडात असे बसले की ऑगस्ट महिन्यात कोणी नुसते "आयर्विनला किती?" असे विचारले, तरी प्रश्न फुटांचा आहे हे शाळकरी पोरालाही कळते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ आहेत. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले होते आणि २०२१ साली ते ५५ च्या आसपास पोचले होते, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. ज्या गावाचा पूलच पाण्याची नोंद ठेवतो, त्या गावाने त्याच पुलाचे फोटो बिनतारखेचे ठेवावेत, याचे मला नवल वाटते.

आता या पुलाचा आपण सगळे जो फोटो काढतो तो पाहू. संध्याकाळी घाटावर जायचे, पलीकडे सांगलीवाडीच्या बाजूला सूर्य उतरू द्यायचा, पाण्यात केशरी पट्टा पडला की मोबाइल वर करायचा. फोटो देखणा येतो, त्याबद्दल वाद नाही. मात्र सूर्य समोर असल्यामुळे पूल काळाठिक्कर दिसतो, आणि त्याचा तांबूस दगड, कमानींची गोलाई, पुलाच्या मध्यावरून खाली नदीकडे उतरण्याची वाट, यांतले काहीही त्यात उरत नाही. ज्याला पूल पाहायचा असेल त्याने सकाळी सांगलीच्या काठावर उभे राहावे, म्हणजे ऊन पाठीशी असते, किंवा मग संध्याकाळी पूल ओलांडून सांगलीवाडीच्या काठावर जावे, म्हणजे उतरत्या उन्हात सगळे शहर समोर उजळलेले दिसते. मी आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे दिशांच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे, आणि या हट्टाचीच पुढची कथा आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मी काढलेला आयर्विनचा फोटो मला दिसला. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण तिच्याकडून मला अजूनही दरवर्षी कॅलेंडर येते. फोटो मार्चच्या पानावर होता आणि नदीला पाणी होते ऑगस्टचे. कमानींच्या निम्म्यापर्यंत चढलेले गढूळ पाणी, आणि खाली छापलेले होते की 'वसंताचे स्वागत'. मी काढलेल्या चित्रात डाव्या कोपऱ्यात विजेच्या तारा होत्या, त्या पुसून टाकल्या होत्या. कठड्याला टेकून पाणी बघणारे लोक होते, तेही पुसले होते. पुरात आयर्विनच्या कठड्यावर माणसे नाहीत, हे दृश्य सांगलीत कोणी पाहिले असेल तर त्यांनी हात वर करावा. हे सगळे मी एक वेळ सोडून दिले असते, पण केशरी आभाळात, सूर्य नुकताच जेथे बुडाला होता बरोबर तेथे, पौर्णिमेचा टपोरा चंद्र आणून लावला होता.

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणूनच तो आपल्याला पूर्ण दिसतो, आणि सूर्य मावळतो त्या सुमारास तो पूर्वेला उगवतो. मावळतीच्या लालीत दिसला तर कोवळा द्वितीयेचा किंवा तृतीयेचा चंद्र दिसेल. हे सातवी-आठवीच्या मुलांना मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवत होते. मी छापखान्यात फोन केला, तर फोनवर माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. तो म्हणाला, "बाई, चंद्र नसता तर मार्च रिकामा वाटला असता." मी त्याला विचारले की, कोणी काढला हे नाव कोठे आहे? तो म्हणाला, "बाई, हा फोटो व्हॉट्सॲपवर आला होता, त्याला नाव कुठलं असायला?" या त्याच्या उत्तरावर मला रागावता आले नाही, कारण ते खरे होते. चंद्राबद्दल मात्र मी त्याला सुनावले. चंद्र हवाच होता तर पौर्णिमेच्या संध्याकाळी सांगलीवाडीला जाऊन उभा राहा, शहरावरून वर येणारा खराखुरा चंद्र फुकट मिळेल, असे सांगितले. त्याने "हो बाई" म्हटले. पुढच्या वर्षी डिसेंबरच्या पानावर अजिंक्यताऱ्यामागे इंद्रधनुष्य होते.

या ठिकाणी एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. कॅमेऱ्याने टिपलेले जे सर्वांत जुने छायाचित्र आज शिल्लक आहे, ते फ्रान्समध्ये निसेफोर न्येप्स या गृहस्थाने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून काढले. त्यात राजा नाही, देऊळ नाही. शेजारची छपरे आहेत आणि भिंती आहेत. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबराचा लेप देऊन तो पत्रा कित्येक तास उजेडाला ठेवावा लागला, आणि तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेल्यामुळे समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. म्हणजे दोन दिशांचे ऊन तेथेही आहे, पण ते घडलेले आहे, लावलेले नाही, आणि ते का घडले हे आपल्याला कळते ते त्या पत्र्याची हकीकत त्याच्यासोबत टिकली म्हणून. आपल्याकडे पाहायचे तर लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे काढण्याच्या नोकरीत होते आणि कॅमेरा त्यांनी हौस म्हणून हाती घेतला. नोकरी सांभाळून गच्चीवर तिपाई लावणाऱ्या आपल्या मंडळींनी घरच्यांना हे नाव जरूर सांगावे.

मावळतीच्या चंद्राने कोणाचे वाकडे होत नाही, असे तुम्ही म्हणाल. मान्य आहे, पण बिनतारखेच्या फोटोने होते. २०१९ च्या पुरात, पाणी गावात शिरायला लागल्यावर, माझ्या मोबाइलवर मारुती चौकातल्या पाण्याचा एक फोटो एकाच संध्याकाळी निरनिराळ्या गटांतून आला. घरातल्या मंडळींनी सामान माडीवर न्यायला घेतले. मी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा उजव्या खालच्या कोपऱ्यात अर्धवट कापलेली नारिंगी खूण दिसली. फिल्मच्या कॅमेऱ्यांमध्ये फोटोवर नारिंगी आकड्यांत तारीख उमटायची, ती कोणीतरी कापून टाकली होती आणि शेवटच्या आकड्याचा वरचा भाग तेवढा राहिला होता. मग मी दुकानांच्या पाट्या पाहिल्या, उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या. फोटो २००५ च्या पुराचा होता. ज्याने तो काढला त्याने आपले काम चोख केले होते, तारीखसुद्धा छापून दिली होती, आणि वाटणाऱ्यांपैकी कोणाला तरी ती तारीख दृश्यात घाण वाटली. त्याच रात्री दत्तनगरातल्या एका बाईंनी काढलेला, त्याच तासाचा खरा फोटो आला, तर त्याच्यावर कोणाचा विश्वास बसेना. खोट्या फोटोपेक्षा हे नुकसान मोठे आहे, कारण पुरात पुढचा निर्णय लोक त्याच फोटोंवर घेतात.

आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. आपण ज्याला फोटोतली अडगळ म्हणतो, तीच पुढे कामाला येते. महाडजवळचा सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्यानंतर आपण सगळेच जुन्या पुलांकडे जरा घाबरून पाहू लागलो. दगडी पुलाच्या सांध्यात एखादे पिंपळाचे रोप उगवते. एका वर्षी त्याला बोटाएवढी फांदी असते, काही वर्षांनी मनगटाएवढी होते आणि तिच्या मुळांनी दगड किंचित पुढे ढकललेला असतो. एकाच जागेवरून, निरनिराळ्या वर्षी, तारखेसह काढलेले फोटो शेजारी ठेवले तर हे सरकणे डोळ्यांना दिसते. अभियंत्याची तपासणी वेगळी आणि ती हवीच, पण तिच्या आधी कोणाला तरी संशय यावा लागतो. आपल्या हौशी मित्राने ते रोप 'सुंदर दिसत नाही' म्हणून फोटोतून पुसलेले असले, तर संशय यायचा कसा?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे आणि तीत वेळ लिहिलेली आहे, म्हणजे निदान त्यांना तरी माझा मुद्दा पटला. जे सांगायला मला बोलावले होते, ते आता भराभर सांगते.

व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो आकुंचन पावतो आणि त्याच्या पोटात कॅमेऱ्याने लिहून ठेवलेली तारीख, वेळ, जागा ही सगळी माहिती गळून जाते. म्हणून जपायचा फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. स्वतंत्र कॅमेरा असेल तर त्याचे घड्याळ आधी लावून घ्यावे, नाहीतर बॅटरी संपून घड्याळ मागे गेलेले असते आणि यंत्रच खोटी साक्ष देते. नदीच्या फोटोत जागेची नोंद राहू द्यावी, मात्र घरातल्या, अंगणातल्या आणि मुलाबाळांच्या फोटोतून ती काढून टाकावी. यंत्रावर विसंबायचे नसेल तर फोटोखाली एक ओळ हाताने लिहावी, 'सांगलीवाडीचा काठ, तोंड पूर्वेला, अमुक तारीख, सकाळ'. एवढे पुरते.

ज्यांना फोटो सगळ्यांसाठी खुला करायचा आहे त्यांच्यासाठी विकिमीडिया कॉमन्स आहे, आणि तेथला फोटो मराठी विकिपीडियाच्या पानावरही लावता येतो. तेथे फोटो देताना तो व्यापारासाठीही वापरू द्यावा लागतो, हे आधी समजून घ्यावे. म्हणजे कॅलेंडरवाल्याला तो बिनदिक्कत छापता येईल, पण बहुतेक परवान्यांमध्ये नाव देण्याची अट असते आणि ती त्याला पाळावी लागेल. कायद्याचे म्हणाल तर आपण काढलेल्या फोटोचा हक्क सर्वसाधारणपणे आपल्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क देते. ५७ हा आकडा सांगलीकराला लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये. पूल किंवा इमारत बाहेरून टिपून तो फोटो प्रसिद्ध करण्याला आपल्याकडे हा कायदा आडवा येत नाही. पॅरिसच्या आयफेल टॉवरचे मात्र दिवसाचे फोटो चालतात आणि रात्रीच्या रोषणाईचे फोटो व्यापारासाठी वापरायला परवानगी लागते, कारण ती रोषणाई वेगळी कलाकृती धरली जाते.

आता जागा, म्हणजे जेथले फोटो मला तुमच्याकडून तारखेसह हवे आहेत ती ठिकाणे. आयर्विन आणि त्याच्या शेजारचे नवे काम, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तो संगम, अंकलीचा पूल, आणि शहराचे सांडपाणी आणणारा शेरी नाला नदीला मिळतो ती जागा. या शेवटच्या नावावर मागच्या रांगेत हसू आले ते मी ऐकले. संगमाचा फोटो सगळे काढतील, तेव्हा नाल्याच्या फोटोसाठी मला स्वतंत्र माणूस हवा आहे, आणि त्याला उन्हाळ्यातही जावे लागेल. ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांनी फोटो ओरबाडून काढू नयेत, पानासकट टिपावेत. सुटा फोटो असेल तर त्याची मागची बाजूही टिपावी, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेले साल तेथेच असते. ड्रोनविषयी ज्यांनी चिठ्ठ्या पाठवल्या आहेत त्यांनी ड्रोनची २०२१ ची नियमावली आणि डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आधी पाहावा आणि उरलेले प्रश्न चहाच्या वेळी विचारावेत.